वरून सोडलेला गोटा खालीच का येतो? नऊशे वर्षांपूर्वी हा प्रश्न मांडणारे भास्कराचार्य

वर्धा : गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनने नाही तर आपल्या भास्कराचार्यांनी लावला, असा मेसेज वर्षातून दोन-चार वेळा तरी गावाच्या ग्रुपवर फिरतोच. एक जण हात जोडतो, दुसरा हसण्याची बाहुली टाकतो, आणि विषय तिथंच संपतो. पण हे भास्कराचार्य होते कोण, कुठले, त्यांनी नेमकं काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही, हे त्या मेसेजमध्ये कधीच नसतं. माणूस आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला, आणि त्याचं काम एवढं मोठं की त्याला खोट्या मोठेपणाची गरजच नाही. म्हणून आज त्यांची गोष्ट नीट सांगू.

सह्याद्रीजवळचं गाव, ज्योतिष्यांचं घर

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. हे साल कुणी अंदाजाने काढलेलं नाही. त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात जन्माचं साल आणि ग्रंथ लिहिला तेव्हाचं वय नोंदवून ठेवलं आहे. जुन्या काळच्या फार थोड्या विद्वानांबद्दल आपल्याला एवढं पक्कं सांगता येतं.

आपलं गाव सह्याद्रीजवळ आहे आणि त्याचं नाव विज्जडविड, असंही त्यांनी लिहून ठेवलं. हे गाव आजचं कोणतं, यावर अभ्यासकांत वाद आहे. कोणी चाळीसगावजवळचं पाटण म्हणतं, कोणी विजापूरकडे बोट दाखवतं. पण त्यांच्या घराण्याचा शिलालेख पाटणला सापडला, ही गोष्ट पक्की आहे. त्याच्याकडे पुढे येऊच.

वडील महेश्वर हे मोठे ज्योतिषी होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. त्या काळी ज्योतिषी म्हणजे नुसती पत्रिका पाहणारा नव्हे. ग्रहण कधी लागणार, तिथी कधी बदलणार, सूर्य कोणत्या गावी कधी उगवणार, हे सगळं हाताने गणित करून काढावं लागे. चुकलं तर सगळ्या गावासमोर चुकायचं. त्यामुळे या घरात गणित हा रोजचा धंदा होता.

छत्तिसाव्या वर्षी लिहिलेला ग्रंथ

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग मानतात. लीलावती म्हणजे अंकगणित आणि भूमिती. बीजगणित नावातच आलं. ग्रहगणितात ग्रहांच्या चालीचे हिशेब आहेत. चौथा भाग गोलाध्याय, त्यात पृथ्वीचा आणि आकाशाचा गोल समजावून सांगितला आहे. नुसते नियम देऊन ते थांबले नाहीत. नियम असा का, हे सांगणारी टीकाही त्यांनी स्वतःच लिहिली.

ग्रहाची चाल रोज सारखी नसते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून दिवसभराची सरासरी चाल न घेता, त्या क्षणाला ग्रह किती वेगाने चालला आहे हे काढण्याची रीत त्यांनी दिली. गाडीने वर्ध्याहून नागपूर गाठलं तर सरासरी वेग एक असतो, आणि सेलूजवळ मीटरचा काटा दाखवतो तो वेगळा. हा काट्याचा वेग गणिताने कसा काढायचा, या विचाराच्या ते बरेच जवळ गेले होते.

उज्जैनवरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा त्या काळी हिशेबाची मूळ रेषा मानत. तिच्या पूर्वेच्या गावी सूर्य आधी उगवतो, पश्चिमेच्या गावी नंतर, आणि तेवढी दुरुस्ती पंचांगात करावी लागते. आजच्या मापाने वर्धा त्या रेषेच्या सुमारे पावणेतीन अंश पूर्वेला आहे, म्हणजे वेळेचा फरक साधारण ११ मिनिटांचा. चाळीसगाव आणि वर्धा तर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. त्यामुळे आपल्याकडे सूर्य उगवल्यावर सुमारे १४ मिनिटांनी तो चाळीसगावला उगवतो. हा हिशेब भास्कराचार्यांना नवा नव्हता.

पृथ्वी टेकली तरी कशावर?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पृथ्वी शेषाच्या फण्यावर आहे, हत्तींच्या पाठीवर आहे, असं लोक सांगत. गोलाध्यायात भास्कराचार्यांनी साधा प्रश्न विचारला. पृथ्वीला आधार लागतो म्हणता, तर त्या आधाराला कशाचा आधार? त्याच्या खाली आणखी एक ठेवला, तर त्याच्या खाली काय? असं कुठवर जाणार? शेवटी कुठंतरी थांबून म्हणावंच लागेल की ही वस्तू स्वतःच्या शक्तीने उभी आहे. मग ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये?

पुढचा प्रश्न पडण्याचा. पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे, असं त्यांनी लिहिलं. आकाशातली जड वस्तू पृथ्वी आपल्याकडे खेचते, आणि आपल्याला ती पडल्यासारखी दिसते. पण पृथ्वीच्या चहूबाजूंना आकाश सारखंच आहे. मग पृथ्वीने स्वतः पडायचं कुठं?

इथं थोडं थांबा. खाली म्हणजे काय, याचा अर्थच त्यांनी बदलून टाकला. आपल्याला वाटतं की वर आणि खाली या जगाच्या ठरलेल्या दिशा आहेत. ते म्हणतात, खाली म्हणजे पृथ्वीकडे. म्हणूनच पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची माणसं आपल्या हिशेबाने उलटी असली, नदीकाठच्या माणसाचं पाण्यातलं प्रतिबिंब असतं तशी, तरी ती पडत नाहीत. आपण इथं जसे सुखाने उभे आहोत, तशीच ती तिथं उभी आहेत.

पृथ्वी गोल असेल तर सपाट का दिसते, याचंही उत्तर त्यांनी दिलं. मोठ्या वर्तुळाचा शंभरावा तुकडा घेतला तर तो सरळच भासतो. पृथ्वी एवढी मोठी आणि माणूस एवढा लहान, की त्याच्या नजरेत येणारा तुकडा सपाटच दिसणार. वावराच्या धुऱ्यावर उभं राहून पाहिलं तर आजही तेच दिसतं.

काय सांगितलं आणि काय नाही

आता त्या मेसेजचा निवाडा करू. ओढीचा विचार भास्कराचार्यांच्या आधीही आपल्याकडे होता. वराहमिहिराने पृथ्वीचा गोल अवकाशात कसा राहतो हे सांगायला लोहचुंबकांच्या मधल्या लोखंडाची उपमा वापरली होती. इ.स. ६२८ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या ब्रह्मगुप्तानेही वस्तू पृथ्वीकडे जातात तो पृथ्वीचा स्वभाव मानला. भास्कराचार्य ब्रह्मगुप्ताला फार मानत. त्यांनी हा विचार अधिक नेटका करून वादात उभा केला.

पण वस्तू किती वेगाने पडते, अंतर वाढलं की ओढ किती कमी होते, हे त्यांनी सांगितलेलं नाही. चंद्राला फिरवणारी आणि फळाला पाडणारी ओढ एकच आहे, हेही नाही. त्यांच्या मते पृथ्वी मधोमध स्थिर होती आणि सूर्य, चंद्र, ग्रह तिच्याभोवती फिरत होते. पडण्याचा नियम इटलीच्या गॅलिलिओने मोजून काढला आणि १६३८ च्या पुस्तकात छापला. आकाश आणि जमीन दोन्हींना लागू होणारा एकच नियम न्यूटनने १६८७ मध्ये मांडला.

म्हणजे न्यूटनचं श्रेय भास्कराचार्यांना देणं चूक. आणि आपल्याकडे काहीच नव्हतं, असं म्हणून हसणंही तेवढंच चूक. पृथ्वी ओढते, हा विचार इथं होता. किती ओढते, याचं माप पुढं झालं.

विहिरीत टाकलेला गोटा

ते माप समजायला अवघड नाही. वरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे १६ फूट पडते. दोन सेकंदांत ३२ नाही, ६४ फूट. तीन सेकंदांत १४४ फूट. वेळ दुप्पट झाला की अंतर चौपट होतं, कारण पडताना वेग वाढतच जातो.

३६ फूट खोल कोरड्या विहिरीत गोटा सोडला तर तो तळाला दीड सेकंदात पोचतो. तळाशी पोचताना त्याचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर गेलेला असतो. भरधाव मोटारसायकलचा वेग म्हणा ना. कठडा नसलेली विहीर किंवा उघडा बोअर किती धोक्याचा, हे या एका आकड्यावरून कळावं. पडणाऱ्याला सावरायला दीड सेकंदही मिळत नाही.

जड वस्तू आधी पडते, असं पुष्कळांना वाटतं. कापसाचा पेळू आणि गोटा सोबत सोडला तर गोटा आधी पडतो, हे खरं. पण तो हवेचा खेळ आहे. हवा हलक्या, पसरट वस्तूला अडवते. १९७१ मध्ये अपोलो १५ या मोहिमेतल्या अंतराळवीराने चंद्रावर हातोडी आणि पीस एकाच वेळी सोडलं. तिथं हवा नाही. दोन्ही सोबतच खाली आले.

धान्याची रास

भास्कराचार्य फक्त आकाशाचा हिशेब करत नव्हते. लीलावतीत सोन्याची, धान्याची, जमिनीची मापं आहेत. व्याज आहे, खोदकामाचा हिशेब आहे, लाकूड कापण्याची मजुरीही आहे. वाऱ्याने मोडलेल्या वेळूचं गणित तर प्रसिद्धच आहे. ३२ हात उंच वेळू मोडला, त्याचा शेंडा बुडापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर येतं १२ हात.

शेतकऱ्याच्या कामाचं गणित म्हणजे राशीचं. सपाट जमिनीवर धान्य ओतलं की त्याचा सुळका तयार होतो. दाणे ओढीने खाली घसरतात आणि एकमेकांना अडून थांबतात, त्यामुळे प्रत्येक धान्याचा उतार ठरलेला असतो. भास्कराचार्यांनी त्याचं प्रमाणच दिलं. राशीचा घेर मोजा. दाणा जाडा असेल तर उंची घेराच्या दहाव्या भागाएवढी, बारीक असेल तर अकराव्या भागाएवढी, आणि कूस असलेलं धान्य असेल तर नवव्या भागाएवढी. कूस एकमेकांत अडकते, म्हणून रास थोडी उंच राहते.

मग घेराला सहाने भागा, आलेला आकडा त्याच आकड्याने गुणा आणि उंचीने गुणा. घेर ६० हात असेल तर उंची ६ हात, आणि धान्य भरतं ६०० घनहात. आजच्या सूत्राने हा आकडा ५७३ च्या आसपास येतो. म्हणजे खळ्यात उभं राहून, नुसत्या दोरीने, वीसात एकाच्या फरकाने अंदाज. व्यापाऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला हा हिशेब काय कामाचा, हे वेगळं सांगायला नको.

पाऱ्याचं चाक

एवढ्या मोठ्या माणसाच्या ग्रंथातही एक गोष्ट चुकीची आहे, आणि ती आज मोबाईल वापरणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावी. गोलाध्यायात यंत्रांचं प्रकरण आहे. त्यात हलक्या लाकडाच्या एका चाकाचं वर्णन येतं. त्याच्या पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरून तोंडं बंद करायची, आणि मग ते चाक आपोआप फिरत राहतं, असं लिहिलं आहे.

असं चाक फिरत राहत नाही. एका बाजूचा पारा चाकाला खाली ओढतो, तसा दुसऱ्या बाजूचा उलट ओढतो. हिशेब शेवटी बरोबरीत सुटतो आणि आसाच्या घर्षणाने चाक थांबतं. युरोपातही कित्येकांनी पुढे अशी चाकं बनवून पाहिली, एकही चाललं नाही. पृथ्वीची ओढ वस्तू खाली आणताना जेवढी ताकद देते, तेवढीच ती वर नेताना परत मागते.

आज विजेशिवाय, डिझेलशिवाय कायम चालणारा पंप असे व्हिडिओ येतात. चाक, वजनं, चुंबक आणि वर पाणी उपसतंय. काही जण त्याचे पैसेही घेतात. नऊशे वर्षांपूर्वीचा थोर गणिती ज्या ठिकाणी फसला, तिथं आपण पैसे देऊन फसू नये.

लीलावतीची गोष्ट आणि पाटणचा लेख

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाच्या घटिकापात्रात मोती पडून छिद्र बुजलं, मुहूर्त टळला, आणि तिच्या समाधानासाठी वडिलांनी ग्रंथ लिहिला, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती गोड आहे, पण भास्कराचार्यांनी लिहिलेली नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचा फारसी अनुवाद केला, त्यात ती आली आणि तिथून पसरली.

त्यांच्या घराण्याबद्दल खरा पुरावा दगडावर आहे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास पाटणचा शिलालेख उजेडात आणला. त्यात भास्कराचार्यांच्या सहा पूर्वजांची नावं आहेत. मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाळाने बोलावून नेलं. नातू चांगदेव हा राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि १२०७ मध्ये त्याला देणगी लावून दिली गेली.

लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण शेवटचा हिशेबाचा भाग त्या काळच्या मराठीत आहे, कारण तो गावाने पाळायचा होता. बाजारातल्या खरेदीवरचा राजाचा वाटा मठाला द्यायचा. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतात, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला द्यायचं. बघा, आपल्या भाषेच्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक लेख गणिताची शाळा चालावी म्हणून कोरला गेला. आणि त्या शाळेचा दिवा तेल्याच्या घाण्यातल्या पळीवर जळत होता.

धागा नागपूरपर्यंत

भास्कराचार्यांनी वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, करणकुतूहल हा पंचांगाचे हिशेब सोपे करणारा ग्रंथ लिहिला. ११८५ च्या आसपास त्यांचं निधन झालं असं मानतात. पण ग्रंथ चालू राहिले. १५४५ मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी लीलावतीवर टीका लिहिली.

पुढे आपल्या बाजूचा एक मुलगा यात आला. बापूदेवशास्त्री हे नागपूरच्या मराठी शाळेत शिकले, आणि लीलावती व बीजगणित त्यांनी नागपुरातच अभ्यासलं. त्यांची हुशारी पाहून विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३८ मध्ये त्यांना सिहोरच्या संस्कृत शाळेत नेलं. तिथून ते काशीला प्राध्यापक झाले. विल्किन्सनने केलेला गोलाध्यायाचा इंग्रजी अनुवाद बापूदेवशास्त्रींनी तपासला आणि तो १८६१ मध्ये कलकत्त्याहून छापून निघाला. पृथ्वीच्या ओढीबद्दल भास्कराचार्यांनी काय लिहिलं, हे जगाला वाचता आलं त्यात नागपुरात शिकलेल्या या माणसाचा हात आहे.

मग पृथ्वी पडते की नाही?

भारताने १९७९ आणि १९८१ मध्ये सोव्हिएत रशियातून भास्कर नावाचे दोन उपग्रह सोडले. उपग्रह वर टिकतो कसा? तो टिकत नाही, तो सतत पडतच असतो. पण आडवा इतक्या जोरात धावतो की जेवढा खाली पडतो, तेवढीच पृथ्वीची गोल पाठ त्याच्या खालून वळलेली असते. जमीन काही त्याच्या हाती लागत नाही.

आपली पृथ्वीही सूर्याभोवती तशीच पडते आहे. एका सेकंदात ती सुमारे ३० किलोमीटर पुढे जाते आणि तेवढ्यात सूर्याकडे साधारण ३ मिलिमीटर झुकते. भास्कराचार्यांनी विचारलं होतं, पृथ्वीने पडायचं कुठं? आजचं उत्तर आहे, सूर्याकडे. त्यांचं उत्तर पुढं बदललं, पण प्रश्न अगदी बरोबर होता.

वर्ध्याहून भुसावळमार्गे मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच चाळीसगाव लागतं. तिथून पाटण वीसेक किलोमीटरच्या आत आहे, गौताळ्याच्या डोंगराच्या कुशीत. शाळेची सहल ठरत असेल, तर गुरुजींनी या गावाचा विचार करावा.